पोर्तुगीज काळातली म्हणून सांगितलेली सायकल: तिचे मॉडेल आणि मूळ शोधताना

गोव्यात एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावरून विदेशी बनावटीची सायकल निघाली, की तिच्याविषयी दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: ती पोर्तुगीज काळातली आहे आणि ती रॅले आहे. दोन्हींना काही आधार आहे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगिजांचे राज्य होते, आणि १९५० च्या दशकातील आर्थिक नाकेबंदीनंतर युरोप आणि जपानमधला माल गोव्याच्या बाजारात मोठ्या प्रमाणात येत होता. रॅलेचे म्हणाल, तर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या त्या कारखान्याचे नाव आपल्याकडे इतके रुजले होते की आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला. माझ्या मामांच्या सायकलीच्या बाबतीत मात्र ही दोन्ही विधाने तपासाअंती टिकली नाहीत. जुलै २०२४ ते मार्च २०२५ या काळात तो तपास कसा झाला, किती खर्च आला आणि कुठे थांबावे लागले हे इथे क्रमाने लिहीत आहे, कारण सुरुवात कुठून करावी हेच मला समजत नव्हते आणि अशी सायकल घरात असलेल्या इतरांचीही तीच अडचण असणार.

मामांचे घर डिचोली तालुक्यात मये गावी आहे. चवथीआधीच्या साफसफाईत माळ्यावरची सायकल खाली आली आणि त्याच सुमारास जुन्या वस्तू विकत घेणाऱ्या एका माणसाने ती भिंतीवर टांगण्यासाठी मागितली. त्याने चार हजार रुपये देऊ केले. मामांनी त्याला थांबायला सांगितले आणि मला फोन केला. “अगो, द्यायची की नाही ते नंतर बघू, पण ती आहे कोणती ते तरी कळू दे,” असे ते म्हणाले. त्यांच्या आठवणीप्रमाणे आजोबांनी ती हळदोण्याच्या एका तारवट्याकडून, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्याकडून, घेतली होती, आणि मामा त्याच सायकलीवरून म्हापशाला कॉलेजात जात.

सायकलीची अवस्था ओळख पटण्यासारखी नव्हती. हिरव्या रंगावर लाल रंगाचा जाड हात दिलेला होता, हँडलखालच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला गेलेला होता, हँडल साध्या सायकलीचे सरळ बसवले होते, मागे देशी कॅरिअर आणि एकाच दातेरी चक्राची फ्रीव्हील होती. तरीही काही गोष्टी नेहमीच्या सायकलीसारख्या नव्हत्या. पुढचा ब्रेक सळ्यांचा नव्हता. दोन लांब भुजा आणि त्यांना जोडणारी आडवी तार अशी त्याची रचना होती, आणि काजळी पुसल्यावर भुजेवर ‘माफाक’ हे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीचे नाव वाचता आले. मागच्या एक्सलजवळ, जिथे चाक बसते त्या पोलादी पट्टीला, खाली एक कान काढलेला होता आणि त्याला भोक होते. गिअर बदलणारे डिरेल्युअर अडकवण्यासाठीच असा कान ठेवतात. म्हणजे ही मुळात गिअरची रोड सायकल होती.

नावाचा शोध आधी घ्यायचा नाही, आधी मापे घ्यायची, हे मी वाचनातून ठरवले होते. बिल्ला दुसऱ्या सायकलीचा असू शकतो, स्टिकर कोणीही लावू शकते, सुटे भाग बदललेले असतात. पण नळ्यांचा व्यास आणि आटे कारखान्यातून निघाले तसेच राहतात. त्या काळात इंग्लंड, फ्रान्स आणि इटली यांच्या सायकलींची मापे एकमेकांशी जुळत नव्हती, आणि जुनी सायकल दुरुस्त करणाऱ्याला जी गोष्ट डोकेदुखी वाटते तीच ओळख पटवण्यासाठी सर्वांत उपयोगाची ठरते. ऑगस्टमध्ये साडेसातशे रुपयांना आकडे दाखवणारा व्हर्नियर कॅलिपर घेतला. या संपूर्ण कामात याहून उपयोगी खर्च दुसरा झाला नाही.

सीटखालच्या उभ्या नळीचा बाहेरचा व्यास इंग्लिश मापाच्या सायकलीत २८.६ मिलिमीटर असतो आणि फ्रेंच मापाच्या सायकलीत २८.० मिलिमीटर. कॅलिपरने २८.४ हा आकडा दाखवला. हे माप कोणत्याच बाजूचे नव्हते, आणि त्याचे कारण रंग होता. रंगाचे थर नळीच्या दोन्ही बाजूंनी मापात मोजले जातात. म्हणून सीटच्या पकडीखाली, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे नळीभोवती बोटभर रुंदीची पट्टी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासली आणि लोखंड उघडे पडल्यावर पुन्हा मोजले. आता २८.० आले. वरच्या आडव्या नळीचेही तसेच केले. इंग्लिश सायकलीत ती २५.४ असते, फ्रेंच सायकलीत २६.०, आणि इथे २६.० भरली. ही जोडी महत्त्वाची आहे. फ्रेंच फ्रेमची उभी नळी इंग्लिशपेक्षा बारीक आणि आडवी नळी जाड असते, त्यामुळे रंगामुळे किंवा हात हलल्यामुळे एक माप चुकले तरी दुसरे त्याच दिशेने चुकत नाही. सायकल रॅले नाही हे मला त्या दिवशी कळले, आणि खरे सांगायचे तर मामांना ते सांगताना थोडी धाकधूक वाटली, कारण लहानपणापासून आम्ही सगळे तिला रॅलेच म्हणत आलो होतो.

चवथ झाल्यावर सायकल म्हापशाच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पायडलची क्रँक धरून ठेवणारी कॉटर पिन पाहिली आणि आपल्याकडची नवी पिन शेजारी धरली. नवी पिन भोकात जाईना. आपल्याकडे मिळणारी कॉटर पिन ९.५ मिलिमीटरची असते, फ्रेंच सायकलीची ९.० मिलिमीटरची, पूर्वी कोणीतरी देशी पिन कानसून बसवली होती आणि कानशीचे ओरखडे तिच्यावर स्पष्ट दिसत होते. अशी पिन काढताना सरळ हातोडा मारू नये. क्रँकच्या खाली, पिनच्या भोवती, लोखंडी नळीचा तुकडा उभा टेकवून घ्यावा, म्हणजे घाव जमिनीत जातो आणि आतले छर्रे व त्यांना धरणारे कप वाचतात. मिस्त्रींनी आदल्या रात्री तेल सोडून ठेवले होते, त्यामुळे दोन्ही पिना फार त्रास न देता निघाल्या.

क्रँकमधून पायडल काढल्यावर त्याच्या दांड्याच्या टोकावर एक अक्षर दिसले. डाव्या-उजव्यासाठी इंग्लिश पायडलवर ‘एल’ आणि ‘आर’ असतात. इथे डाव्या पायडलच्या टोकावर ‘जी’ आणि उजव्यावर ‘डी’ ठोकलेले होते. ही फ्रेंच खूण आहे. त्या पायडलचे आटेही १४ मिलिमीटर व्यासाचे आणि १.२५ मिलिमीटर अंतराचे होते, इंग्लिश ९/१६ इंचाचे नव्हते. दोन्हींत फरक इतका सूक्ष्म आहे की जोर लावला तर इंग्लिश पायडल दोन-तीन आटे आत जाते आणि मग क्रँक कायमची बिघडते. बोटांनी फिरवून सहज जात नसेल तर तिथेच थांबावे.

खरा निर्णायक पुरावा मात्र बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे दोन्ही क्रँकांच्या मधल्या आडव्या डब्यात असतो. इंग्लिश पद्धतीत चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात; फ्रेंच पद्धतीत दोन्ही बाजूंना सुलटे. इटालियन सायकलीतही दोन्ही सुलटेच असतात, पण तिथे डब्याची रुंदी ७० मिलिमीटर आणि कपाचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. मिस्त्री वर्षानुवर्षांच्या सवयीने उलट्या दिशेला पान्हा लावणार तेवढ्यात मी त्यांना नळ्यांची मापे दाखवली, आणि त्यांनी हात थांबवला. फ्रेंच कप उलट्या दिशेने फिरवणे म्हणजे तो अधिक आवळणे. पन्नास वर्षांचा गंज धरलेला कप पान्ह्याने सुटण्यासारखा नव्हताच. मग त्यांनी शेजारच्या लेथवाल्याकडून एक लांब जाड बोल्ट, दोन वॉशर आणि नट आणले, बोल्ट कपातून आरपार घालून वॉशरांच्या मध्ये कप घट्ट पकडला आणि तोच बोल्ट पुढे आवळत नेला. बोल्ट आवळण्याची दिशा आणि कप सुटण्याची दिशा एकच यावी एवढीच काळजी घ्यावी लागते. त्यासाठी बोल्टाचे डोके कपाच्या कोणत्या बाजूला ठेवायचे हे आधी नीट ठरवावे. एक कर्कश आवाज झाला आणि कप सुटला. व्यास ३५ मिलिमीटर, आट्यांचे अंतर १ मिलिमीटर, डब्याची रुंदी ६८. मिस्त्री म्हणाले, “बाय, इतकी वर्षं सायकली खोलतोय, उजवीकडचा कप असा सुटलेला बघितला नाही.” त्यांनी लेथचे आणि मजुरीचे मिळून साडेचारशे रुपये घेतले.

त्याच डब्याच्या तळाशी मातीचा आणि ग्रीसचा थर खरवडल्यावर फ्रेमचा क्रमांक मिळाला. तो कागदावर पेन्सिल घासून उतरवून घेतला आणि त्याचा फोटोही काढला. त्या वेळी त्या आकड्यांचा उपयोग काय होणार हे ठाऊक नव्हते, पण क्रमांक पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवावा असे मी आवर्जून सांगेन.

देश ठरला, आता कारखाना. सप्टेंबर संपता संपता मी पाटो, पणजी येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊ लागले. जुन्या पोर्तुगीज वृत्तपत्रांत सायकलींच्या जाहिराती असतील आणि कोणत्या फ्रेंच सायकली गोव्यात विकल्या जात हे कळेल, असा विचार होता. ‘ओ हेराल्दो’ हे दैनिक १९०० पासून पोर्तुगीज भाषेत निघत होते. ओळखपत्राची प्रत, कोणत्या वर्षांचे अंक हवेत आणि कशासाठी हवेत याचा लेखी अर्ज, आणि अंक हाताळता येण्याजोगे आहेत की नाहीत याच्या उत्तराची वाट, असा हा क्रम आहे. जाण्यापूर्वी फोन करून विचारले तर हेलपाटा वाचतो. पोर्तुगीज मला येत नाही, पण जाहिरातीत चित्र असते आणि ‘बिसिक्लेता’ हा शब्द नजरेला सापडतो. आमच्या सायकलीशी जुळणारे काही तिथे मिळाले नाही. जिज्ञासूंना ते अंक इतर कारणांसाठी अवश्य पाहावेत असे सुचवेन, पण सायकल ओळखण्याच्या कामात हा मार्ग सर्वांत शेवटी घ्यावा.

ऑक्टोबरमध्ये रंगाकडे वळले. जुन्या सायकलीचा रंग खरवडून काढावा असे सगळे सांगतात आणि तेच करू नये, कारण कारखान्याची अक्षरे त्याच थरांत दडलेली असतात. थिनर किंवा रंग उतरवणारे रसायन वरच्या रंगाबरोबर खालची अक्षरेही विरघळवून टाकते. मी रात्री खोलीतला दिवा बंद करून टॉर्चचा उजेड नळीला जवळजवळ समांतर धरला. रंगाखाली जाड कागदाचे जुने स्टिकर असेल तर त्याची कड अशा तिरप्या उजेडात सावली टाकते. खालच्या तिरप्या नळीवर सुमारे वीतभर लांबीची एक आडवी कड दिसली, आणि तिच्या आत उभ्या रेषांचे काही तुकडे. तेवढ्याच भागावर दीड हजार नंबरचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, बोटाच्या पेराएवढ्या वर्तुळात, लाल रंग पुसट होऊन हिरवा दिसेपर्यंत आणि मग हिरवा पुसट होऊन पांढरा दिसेपर्यंत घासायचे, पुसायचे, बघायचे, असे रोज थोडे थोडे केले. घाई केली तर अक्षर जाते. पहिल्यांदा एका ‘ई’ची खालची आडवी रेघ पांढऱ्यावर काळी उमटली, त्याच्या पुढे ‘यू’ची वाटी, मग ‘जी’. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी पूर्ण नाव वाचता आले: प्यूजो. ज्या घराण्याच्या मोटारी सर्वांना माहीत आहेत, त्याच घराण्याने १८८२ मध्ये सायकली बनवायला सुरुवात केली होती. सीटच्या नळीवर खाली आणखी एक लहान स्टिकर निघाले. त्यावरचे दुकानाचे नाव झिजून गेले होते, पण गावाचे नाव वाचता येत होते, आणि ते लिव्हरपूल होते.

फ्रेंच सायकल आणि लिव्हरपूलचे दुकान, हा मेळ कसा लागतो, याचे उत्तर मागच्या चाकात होते. त्याच्या क्रोम केलेल्या पोलादी रिमवर ‘रिजिडा’ हे फ्रेंच नाव होते, आणि माप २७ x १¼ इंच. फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या रोड सायकलींना साधारणपणे ७०० मापाची चाके असत. २७ इंचाची चाके इंग्लंड-अमेरिकेच्या बाजारासाठी बसवली जात. टायर घेताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण २७ इंची रिमचा टायर बसण्याचा व्यास ६३० मिलिमीटर असतो आणि ७०० सी चा ६२२, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही.

दिवाळीला मयेला गेले तेव्हा मामींना सहज विचारले, की या सायकलीचे काढून ठेवलेले काही भाग कुठे असतील का. मामींनी स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दिला. खिळे, बिजागऱ्या, रेडिओचे बटण आणि त्यांच्या तळाशी काळ्या प्लॅस्टिकचे डिरेल्युअर. त्यावर ‘सिम्प्लेक्स प्रेस्टिज’ असे लिहिलेले होते. जुन्या सायकलीबरोबर घरातला असा डबा हमखास असतो. तो मागितल्याशिवाय कोणी देत नाही, कारण त्याचा सायकलीशी संबंध आहे हे घरच्यांनाही आठवत नसते.

या एका भागाने काळाचा प्रश्न बराच सोडवला. दिजोंच्या सिम्प्लेक्स कंपनीने डेल्रिन नावाच्या कणखर प्लॅस्टिकचे हे प्रेस्टिज डिरेल्युअर १९६२ मध्ये आणले. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात. म्हणजे हे डिरेल्युअर मूळचे असेल, तर सायकल पोर्तुगीज काळातली असू शकत नाही. भाग नंतर बसवलेला असू शकतो ही शंका रास्त होती, म्हणून मी मागचा कान पुन्हा पाहिला. कॅम्पान्योलो या इटालियन कंपनीच्या पद्धतीच्या कानात १० मिलिमीटरचे आटे असतात. इथल्या भोकात आटे नव्हते; सिम्प्लेक्सचा बोल्ट अशाच बिनआट्याच्या भोकातून आरपार जाऊन आतल्या बाजूने आवळला जातो. डब्यातले डिरेल्युअर त्यावर ठेवले तर कानावरच्या झिजेच्या गोल खुणेवर ते तंतोतंत बसले. मागच्या दोन पट्ट्यांमधले अंतर १२० मिलिमीटरच्या आसपास भरले, आणि तेवढी जागा पाच दातेरी चक्रांच्या फ्रीव्हीलसाठी असते. पुढे दोन चेनव्हील, मागे पाच, एकूण दहा गिअर.

आता कागदपत्रे. हळदोण्याच्या त्या तारवट्याचे घर बंद होते. शेजाऱ्यांकडून कळले की त्यांची मुलगी मुंबईला असते आणि सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनासाठी येणार आहे. जुन्या गोव्यातले ते प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत होते, त्यामुळे डिसेंबरपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. या थांबण्यात मी अस्वस्थ होते. परक्या घरी जाऊन त्यांच्या दिवंगत वडिलांची कागदपत्रे मागणे मला सोपे वाटत नव्हते. मामा बरोबर आले आणि जाताना घरच्या बागेतली नारळांची पिशवी घेऊन आले. आंटींनी मामांना ओळखले. “तुम्ही मास्तरांचे पुत, हिरवी सायकल घेऊन जायचात ते,” असे त्या कोकणीत म्हणाल्या, आणि पुढचे सगळे सोपे झाले.

त्यांनी वडिलांची ट्रंक उघडली. जहाजावर काम करणाऱ्यांना मुंबईच्या शिपिंग मास्टरकडून सीडीसी म्हणजे कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट नावाचे पुस्तक मिळते. प्रत्येक फेरीसाठी त्यात जहाजाचे नाव, कामावर घेतल्याची तारीख आणि ठिकाण, हुद्दा, कामावरून मोकळे केल्याची तारीख आणि ठिकाण, आणि शेवटी वर्तनाचा शेरा, अशी ओळ असते. गोव्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांतून असे पुस्तक जपून ठेवलेले असते, आणि एखादी वस्तू परदेशातून केव्हा आली हे ठरवायला त्याच्याइतके विश्वासार्ह साधन क्वचितच मिळेल. आंटींचे वडील ब्रिटिश मालवाहू जहाजांवर स्टुअर्ड होते. मुंबईत धोबी तलावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक निवासात, राहून जहाज मिळण्याची वाट पाहायची आणि फेरी संपली की घरी यायचे, असे त्यांचे आयुष्य गेले. पुस्तकातली १९७३ सालची एक फेरी नोव्हेंबरमध्ये मुंबईत संपलेली होती. त्याच पानात घडी घालून मुंबई कस्टम्सची एक पावती ठेवलेली होती. सामानाच्या यादीत एक कॅसेट रेकॉर्डर, दोन ब्लँकेटे आणि एक वापरलेली सायकल, आणि सायकलीच्या पुढे शाईने लिहिलेला फ्रेम क्रमांक.

मी पेन्सिलने उतरवून आणलेला कागद पावतीशेजारी ठेवला. पावतीवरचा शेवटचा आकडा डागामुळे वाचता येत नव्हता, बाकीचे सगळे जुळत होते. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. आंटींनी सांगितले की त्या वेळी वडील मुंबईहून पणजीला बोटीने आले होते आणि सायकल डेकवर बांधून आणली होती. चार-पाच वर्षे वापरून त्यांनी ती आमच्या आजोबांना विकली. पावतीची प्रत काढू देण्याआधी त्यांनी भावाला फोन करून विचारले, आणि ते योग्यच होते. मूळ कागद त्यांच्याकडेच राहिले आहेत.

मॉडेलचा निर्णय जानेवारीत झाला. प्यूजोची त्या काळातली सर्वांत नावाजलेली शर्यतीची सायकल म्हणजे पीएक्स-१०. तिची फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ या हलक्या पोलादी नळ्यांची, क्रँक ॲल्युमिनियमची आणि कॉटर पिनशिवाय बसणारी. मामांना मनातून ती असावीशी वाटत होती, आणि मलाही. तिथेही कॅलिपरच कामाला आला. सीटचा दांडा, म्हणजे सीटपोस्ट, बाहेर काढून मोजला. रेनॉल्ड्स ५३१ च्या फ्रेंच फ्रेममध्ये तो साधारण २६.४ मिलिमीटरचा असतो, कारण नळीची भिंत पातळ असते. आमचा २४.० भरला. म्हणजे जाड भिंतीची साधी कार्बन पोलादाची नळी. कॉटर पिनची क्रँक, सिम्प्लेक्स प्रेस्टिज, माफाक रेसर ब्रेक, २७ इंची पोलादी रिम आणि २४ मिलिमीटरचा सीटपोस्ट हा सगळा संच ज्या एका मॉडेलचा आहे ते यूओ-८. यूई-८ नावाचे तिचे एक भावंड होते, पण त्याला मडगार्ड, दिवे आणि कॅरिअर कारखान्यातूनच बसवून येत. आमच्या फ्रेमवरचे कॅरिअर देशी आणि नंतरचे आहे. संग्राहकांनी स्कॅन करून ठेवलेल्या कॅटलॉगांशी स्टिकरची मांडणी ताडून पाहिली तेव्हा ती १९७० च्या सुमाराच्या पानांशी जुळली. त्यामुळे माझा निष्कर्ष असा: प्यूजो यूओ-८, इंग्लंडच्या बाजारासाठी बनलेली, लिव्हरपूलच्या दुकानातून विकली गेलेली, १९७० च्या आसपासची, आणि नोव्हेंबर १९७३ पूर्वीची हे कागदाने सिद्ध.

ही सायकल दुर्मिळ नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये दहा गिअरच्या सायकलींना प्रचंड मागणी आली तेव्हा यूओ-८ मोठ्या संख्येने विकली गेली, आणि तिची बाजारातली किंमत फार नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही. ज्या माणसाने महिनोन् महिने घराबाहेर राहून ती आणली, त्याची तारीख, फेरी आणि नाव आता तिच्याबरोबर नोंदलेले आहे, आणि मामांनी ती विकायची नाही असे ठरवले.

फेब्रुवारीत युरोपातून ९ मिलिमीटरच्या कॉटर पिना, माफाकचे ब्रेक रबर आणि फ्रेंच आट्यांची पाच चक्रांची जुनी फ्रीव्हील मागवली. फ्रीव्हीलचे फ्रेंच आणि इंग्लिश आटे डोळ्यांना सारखेच दिसतात, फ्रेंच ३४.७ मिलिमीटर, इंग्लिश ३४.८. पूर्वी बसवलेली देशी फ्रीव्हील जोराने चढवलेली होती आणि हबचे बाहेरचे आटे त्यात सपाट झाले होते, पण आतले शाबूत निघाले. वस्तू आणि टपाल मिळून साधारण साडेसहा हजार रुपये झाले. पार्सल कस्टममध्ये अडकले तेव्हा ओळखपत्राची प्रत, पैसे भरल्याचा पुरावा आणि वस्तू स्वतःच्या वापरासाठी असल्याचे पत्र मागितले गेले. ते ईमेलने पाठवल्यावर पार्सल सुटायला जवळजवळ तीन आठवडे लागले. ड्युटी वस्तूंच्या किमतीवरच नव्हे, टपालखर्च धरून आकारली जाते, म्हणून स्वस्त वस्तू महाग टपालाने मागवताना आधी हिशोब करावा. विक्रेत्याला पाकिटावर ‘सायकलीचे जुने सुटे भाग’ असे स्पष्ट लिहायला सांगितले तर प्रश्न कमी विचारले जातात.

हँडल धरून ठेवणारे स्टेम मात्र मी जुने लावले नाही. डब्यात ते नव्हतेच, आणि असते तरी लावले नसते, कारण त्या काळातल्या काही फ्रेंच स्टेमना खालच्या फटीपाशी चिरा जातात आणि चालवताना हँडल हातात येऊ शकते. इंग्लिश मापाचे २२.२ मिलिमीटरचे नवे स्टेम लेथवाल्याने फ्रेंच चिमट्यात जाईल असे २२.० पर्यंत उतरवून दिले. त्याचे दीडशे रुपये. टायर-ट्यूबची जोडी म्हापशातच मिळाली. रंग तसाच ठेवला आहे. नाव जिथे उघडे पडले तेवढ्या भागावर पारदर्शक लाखेचा एक हात दिला. १५ मार्चला मामांनी ती मयेच्या तळ्यापर्यंत चालवली. गिअरची तार अजून थोडी ढिली आहे आणि तिसऱ्या चक्रावर चेन कुरकुरते.

हे सगळे कानावर गेल्यावर साखळी गावातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने त्यांची सायकल पाहायला बोलावले. सीटची नळी २८.६ भरली, आणि मागचा हब तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर निघाला. अशा हबचे काम सोपे असते. त्याच्या पोटावरची काजळी पुसली की बनावटीचे वर्ष आणि महिना धातूवर ठोकलेला मिळतो. इथे ‘एडब्ल्यू’, ५६ आणि ९ हे आकडे मिळाले, म्हणजे सप्टेंबर १९५६. ती पोर्तुगीज काळात गोव्यात आली असण्याची शक्यता खरी आहे, पण हब एकदा बनला की पुढे कोणत्याही फ्रेममध्ये बसू शकतो, म्हणून आता फ्रेमचा क्रमांक हवा आहे. तो गंजाखाली आहे, आणि त्यावर तेल सोडून ठेवले आहे.